नवख्याने सेवेचा वर्ग का निवडावा?

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. ज्या ‘क्लास’विषयी पुढे लिहावयाचे आहे तो या पृष्ठाच्या वाचकांच्या नित्य परिचयातला वर्ग नव्हे. ऑनलाईन रोल-प्लेइंग गेम म्हणून जे खेळ ओळखले जातात, त्यांत हजारो माणसे आपापल्या संगणकावरून एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरत असतात. त्या जगात पाऊल ठेवणाऱ्याला प्रथम आपले पात्र ठरवावे लागते: योद्धा व्हावयाचे की धनुर्धारी, जादूगार की पुरोहित? या निवडीला ‘क्लास’ म्हणतात. नामसाम्य योगायोगाचे आहे. परंतु कोणी कोणते काम करावयाचे आणि त्या कामाचे श्रेय व दोष कोणाच्या पदरात पडावयाचे, हेही या निवडीबरोबरच बव्हंशी ठरून जाते. तेव्हा हा विषय पोरखेळ म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही.

या खेळांतील श्रमविभागणी थोडक्यात अशी. एक जण शत्रूचे घाव स्वतःच्या अंगावर घेतो. त्याला ‘टँक’ म्हणतात. एक जण जखमी सहकाऱ्यांना बरे करतो, तो ‘हीलर’. उरलेले सारे शत्रूवर प्रहार करतात. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये भुयारात उतरणारी तुकडी पाच जणांची असते, तीत एक टँक, एक हीलर आणि तिघे प्रहार करणारे. २०१३ साली नव्याने उभ्या केलेल्या ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये चौघांची तुकडी असते आणि प्रहार करणारे दोघे. हीलरची परंपरा संगणकाच्या जाळ्याहून जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळावयाच्या खेळात अवघे तीन वर्ग होते आणि त्यांतला एक जखमा भरून काढणारा ‘क्लेरिक’ होता.

आता नवखा माणूस जाणत्यांकडे सल्ला मागतो तेव्हा काय ऐकतो? एक पक्ष सांगतो, ‘हीलर होऊ नकोस, काम कठीण, आणि चुकलास तर चौघे तुलाच बोल लावतील.’ दुसरा पक्ष सांगतो, ‘हीलरच हो, तुला वाट पाहावी लागणार नाही.’ दोन्ही विधाने खरी आहेत, आणि दोन्हींत मूळ प्रश्नाला बगल दिलेली आहे. ज्या कामावाचून तुकडी दारातून आत जाऊ शकत नाही, त्या कामाला माणसे मिळत नाहीत हे कसे?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये क्लेरिकचे जिणे कसे होते ते पाहण्यासारखे आहे. एकट्याने हिंडून पराक्रम गाजविणे त्याला जवळजवळ अशक्य. खर्ची पडलेली मंत्रशक्ती पुन्हा मिळविण्यासाठी त्याने खाली बसावयाचे आणि मंत्रांची पोथी उघडावयाची. सुरुवातीच्या पातळ्यांवर ती पोथी पडद्याचा एवढा भाग व्यापीत असे की लढाई समोर चालू असूनही त्याला ती दिसत नसे! मोठ्या युद्धात त्याचा मुख्य मंत्र पुरा होण्यास दहा सेकंद लागत. तेवढ्या अवधीत टँक मरून जाई. म्हणून अनेक क्लेरिक साखळी करून उभे राहत आणि ठरलेल्या अंतराने एकामागून एक आपला मंत्र सुरू करीत. एकाचा ठेका चुकला की सारी तुकडी गारद. गिरणीतल्या पट्ट्यासमोर उभे राहिलेल्या माणसाला हे वर्णन परके वाटणार नाही. आणि तरीही त्या जगात क्लेरिकला मान होता, कारण मेलेल्याला उठवून त्याचा गमावलेला अनुभव बव्हंशी परत मिळवून देणे त्याच्याच हाती होते. लोक त्याला शोधीत येत.

पुढच्या पिढीच्या खेळांनी हे कष्ट कमी केले, हे मान्य केले पाहिजे. तरी एक अन्याय बराच काळ टिकला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ज्याने आपली सारी कौशल्ये सेवेकडे लावली, तो तुकडीबाहेर एकटा असताना दुबळा ठरे, साधे श्वापद मारावयासही त्याला इतरांहून अधिक वेळ लागे. म्हणजे समूहासाठी जे स्वीकारले, त्याची किंमत खाजगी आयुष्यात मोजावयाची. २००९ च्या एप्रिलमध्ये कौशल्यांचे दोन संच बाळगण्याची मुभा मिळाली, तेव्हा कोठे ही अडचण सैल झाली. तीही खेळातल्या सोन्याच्या हजार नाण्यांचा भरणा केल्यावर!

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अनोळखी खेळाडूंची तुकडी आपोआप जुळविणारी यंत्रणा त्या खेळात आली, आणि जे सर्वांना ठाऊक होते ते रांगेच्या रूपाने उघडे पडले. प्रहार करणाऱ्यांची रांग लांब, हीलरला व टँकला तात्काळ प्रवेश. व्यवस्थापनाने यावर २०११ साली जो तोडगा काढला तो बाजाराचा होता: ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती घेणाऱ्यास जादा बक्षिसाची थैली. ‘फायनल फँटसी’तही असाच जादा मोबदला आहे. त्याला आमचा विरोध नाही. टंचाईच्या श्रमाला चार पैसे अधिक मिळाले तर बिघडले कोठे? परंतु थैलीच्या आशेने रांगेत शिरलेला मनुष्य पहिल्याच शिवीसरशी बाहेर पडतो. शिव्या थांबविण्याचा उपाय थैलीत नसतो.

शिव्या येतात त्या मोजमापाच्या पद्धतीतून. या खेळांत खेळाडू एक मोजपट्टी पडद्यावर लावून बसतात. कोणी किती प्रहार केला याचा आकडा तीत क्षणोक्षणी वाढत असतो. हीलरचाही आकडा असतो, पण तो फसवा आहे. ज्याचे सहकारी सावध आहेत, आगीतून वेळीच बाजूला होतात, त्या हीलरचा आकडा लहान दिसतो. बेफिकीर तुकडीच्या हीलरचा मोठा. टळलेले संकट तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. २०२३ साली याच खेळात इतरांचे बळ वाढविणे हेच मुख्य काम असलेला एक नवा प्रकार आला, तेव्हा त्याने निर्माण केलेले बळ मोजपट्टीवर दुसऱ्यांच्या नावे जमा होऊ लागले आणि त्याचा वाटा कसा मोजावा यावर वाद माजला. पंगतीत वाढप्याने किती खाल्ले यावरून त्याच्या कामाची प्रत ठरविण्यासारखेच हे आहे.

‘मग ही भूमिकाच नको’, असे म्हणणारे सुधारकही होऊन गेले. ‘गिल्ड वॉर्स टू’च्या निर्मात्यांनी २०१२ साली स्वतंत्र हीलर रद्द केला, प्रत्येकाने स्वतःची जखम स्वतः बांधावी आणि पडलेल्याला कोणीही उठवावे, असा नियम केला. कल्पना उदात्त होती, आणि पडलेल्याला कोणीही उठवू शकतो हा तिचा भाग फार मोलाचा आहे. परंतु २०१५ साली मोठ्या, कठीण लढाया तेथे आल्या आणि त्यांच्याच बरोबर ‘ड्रूइड’च्या रूपाने सेवा करणारा परत आला. काम शिल्लक असता कामकऱ्याचे पद रद्द केले की ते काम कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात पडतेच. घरोघरच्या स्त्रियांना हे सांगावयास नको.

स्त्रियांचा उल्लेख निघालाच आहे, तर एक गोष्ट नमूद करतो. हीलर हे ‘बायकांचे काम’ असा एक समज या जगातही मुरलेला आहे. निक यी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की स्त्री-पात्र घेऊन खेळणारे पुरुष अधिक सेवा करतात आणि पुरुष-पात्र घेणाऱ्या स्त्रिया कमी. म्हणजे बाईचा वेष चढविताच पुरुषाच्या हाताला सेवेचे वळण लागते! स्वभावाच्या नावाखाली आपण काय काय खपवीत आलो आहोत, याचा याहून बोलका पुरावा क्वचित सापडेल.

सेवाभावाचे अवास्तव गोडवे गाण्याचेही कारण नाही. २००५ च्या सप्टेंबरात त्याच खेळात एका राक्षसाचा संसर्गजन्य शाप चुकून शहरांत पसरला आणि दुबळी पात्रे पटापट मरू लागली. काही हीलर आपण होऊन मदतीला धावले. त्यांनी रोग्यांना जिवंत ठेवले खरे, पण जिवंत राहिलेल्या रोग्यांनी रोग अधिक पसरविला. साथरोगांच्या अभ्यासकांनी पुढे या घटनेवर लिहिले. सेवेलाही परिस्थितीचे ज्ञान लागते, एवढाच याचा अर्थ.

आणि नेमक्या याच कारणाने आमचे मत असे आहे की नवख्याने हा वर्ग अवश्य निवडावा. प्रहार करणारा शत्रूकडे पाहतो. हीलरला सहकाऱ्यांकडे पाहावे लागते. कोण उतावीळ आहे, कोण घाबरला आहे, टँक कोणत्या वळणावर हमखास चुकतो, हे सारे त्याला पाच-सहा लढायांत कळू लागते. प्रहार करीत महिने काढलेल्यालाही ही समज येतेच असे नाही. ‘फायनल फँटसी’त ग्रिडानिया नगरातून ‘कंज्युरर’ म्हणून आरंभ करावा. तिसाव्या पातळीला ‘व्हाईट मेज’ होता येते, आणि पहिले भुयार पंधराव्या पातळीला लागते. तोवर हात बसण्यास पुरेसा अवधी मिळतो. तुकडीत शिरताच ‘मी नवीन आहे’ असे स्पष्ट लिहावे. सर्वांना बरे करण्याची गरज नसेल त्या क्षणी हात बांधून उभे न राहता आपणही प्रहार करावा. आणि सूचना देऊनही जो पुन्हा पुन्हा आगीतच उभा राहतो, त्याच्या मरणाचा दोष स्वतःकडे घेऊ नये.

उरला प्रश्न तुकडीतल्या इतरांचा. त्या खेळात नवख्याच्या नावापुढे रोपट्याचे चिन्ह असते, आणि एखाद्या लढाईत प्रथमच येणारा कोणी सोबत असला तर त्याच्याबरोबर ती पार पाडणाऱ्या सर्वांनाच काही अधिक मिळते. लढाई संपल्यावर प्रत्येकाला एका सहकाऱ्याच्या नावे शाबासकी नोंदविता येते. ती स्वतःला देता येत नाही. जुन्या खेळाडूंनी रोपट्याचे चिन्ह असलेला हीलर दिसला की मोजपट्टी मिटून ठेवावी, पहिल्या दोन लढाया सावकाश घ्याव्यात, आणि तुकडी गारद झालीच तर प्रथम टँकला विचारावे की तो कोठे उभा होता.