गल्ल्यावर कोण बसले आहे?

नाशिक जिल्ह्याचा सिनेमाशी असलेला एक संबंध सर्वांना तोंडपाठ आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि त्यानंतर आपला चित्रपटाचा कारखाना नाशिकला आणला. मात्र मोबाईलपुढे उभे राहून आपला दिनक्रम, आपली गल्ली, आपली चेष्टामस्करी जगाला दाखवणाऱ्या आजच्या मुलांचे पूर्वज शोधायचे, तर नाशिकहून मालेगावला जावे लागते.

यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. लग्नाचे चित्रण करणारा व्हीएचएस कॅमेरा, हौशी नटांमध्ये मागावरचे कामगार आणि साधारण पन्नास हजार रुपये, एवढ्या सामग्रीवर त्यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. क्रेनच्या जागी बैलगाडी, ट्रॉलीच्या जागी सायकल. फिल्म विकत घेणे नाही, धुणे नाही. व्हीसीआर एकमेकांना जोडून संकलन. तंत्र स्वस्त झाले म्हणून हे घडले, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पण स्वस्त कॅमेरे तेव्हा गावोगावच्या लग्नांतून फिरतच होते! मालेगावात त्याला गल्ला मिळाला. पडदा शेख यांचा आणि तिकीट काढणारे शेजारचे. विनोद फसला तर तो त्याच खेळाला कळे. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात शेख यांचा पुढचा चित्रपट तयार होताना दिसतो. त्यातला किडकिडीत सुपरमॅन तंबाखूच्या व्यसनाशी लढतो. दूरच्या कोणा निर्मात्याला हा शत्रू सुचला असता का? पैसे गावाचे, म्हणून दुखणेही गावाचे.

यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि २००७ पासून त्याने जाहिरातीच्या उत्पन्नात चित्रणकर्त्यांना वाटा द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे २०१६ साली जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि पार्लरमधली गर्दी हातातल्या फोनवर सरकली. मालेगावच्या विनोदाचेच घ्या. तिथला 'छोटू दादा' कोट्यवधी वेळा पाहिला गेला. एवढे प्रेक्षक कुठल्या पार्लरमध्ये मावले असते? हा लाभ मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र आता तिकीट कोणी काढत नाही. पैसे देतो जाहिरातदार, आणि त्याच्या सोयीचे नियम ठरवते कंपनी. २०१८ पासून जाहिरातीच्या उत्पन्नासाठी निदान एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणी अशी अट आली. २०२० साली आठ मिनिटांच्या चित्रणात मध्येच जाहिरात घालण्याची मुभा मिळाली. पूर्वी त्यासाठी दहा मिनिटे लागत. मग पाच मिनिटांचा ऐवज आठ मिनिटे पुरवायचा, पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवावे तसा. आणि 'शोले'सारखे विडंबन? मूळ गाण्याचा तुकडा यंत्राने ओळखला, की त्या चित्रणाची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळू शकते. नव्या मुलांनी स्वतःची पात्रे घडवावीत, हे या नियमाने आपोआप साधले. ते मला वाईट वाटत नाही. भाषेचे मात्र वाटते. हिंदीत बोलले की प्रेक्षक देशभर, मराठीत बोलले की महाराष्ट्रापुरता. त्यामुळे घरात मराठी बोलणारा पोरगा कॅमेऱ्यापुढे आला की 'हॅलो दोस्तों' म्हणतो.

जाहिरातीचा वाटा पुरत नाही, तेव्हा तिसरा धनी येतो: दुकानदार. नाशिकची मिसळ घ्या. एखादा तरुण पहिला घास घेतो, डोळे मिटतो, 'एक नंबर' म्हणतो. आणि आपण रविवारी पोराबाळांना घेऊन तिथे रांगेत उभे राहतो. त्या 'एक नंबर'चे पैसे मिळाले होते का? जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०२१ साली आणि केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवले आहे, की पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सेवा घेतली असेल तर ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल असे जाहीर करावे. मोबदल्यात फुकट मिळालेली थाळीही त्यात आली. पुढच्या रविवारी निघण्यापूर्वी तो शब्द चित्रणात कुठे दिसतो का, ते घरातल्या धाकट्यांना शोधायला सांगावे. त्यांची नजर आपल्यापेक्षा तयार असते.