महासागरांच्या तटबंदीआड

अमेरिकेहून सुट्टीत घरी आलेली मुले एक किस्सा हमखास सांगतात. तिकडच्या शेजाऱ्याने आयुष्यात देशाची सीमा ओलांडलेली नसते, पासपोर्टही काढलेला नसतो. ऐकणारी मंडळी हसतात. महासत्तेच्या नागरिकाला कूपमंडूक ठरवण्यात एक प्रकारचे समाधान असते. पण हे हसणे अर्धवट माहितीवर उभे आहे.

न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. एवढ्या प्रवासात युरोपातला माणूस आठ-दहा देश पार करील. अमेरिकन माणूस मात्र स्वदेशातच असतो. अलास्काचे हिम, ॲरिझोनाचे वाळवंट, हवाईचे सागरकिनारे, सारे एकाच ध्वजाखाली. भूसीमेचे शेजारी दोनच. आणि कॅनडा-मेक्सिकोहून परतण्यासाठी विमानप्रवाशांना 2007 पर्यंत, तर रस्त्याने येणाऱ्यांना 2009 पर्यंत पासपोर्ट सक्तीचा नव्हता. त्या सुमारास तिघांपैकी दोघांकडे तो नव्हता. आज जवळपास निम्म्या अमेरिकनांकडे आहे.

खरी अडचण रजेची आहे. युरोपीय संघात वर्षाकाठी किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा हा कायदेशीर हक्क आहे. अमेरिकेत खाजगी नोकरदाराला भरपगारी रजा द्यावीच, असा संघीय कायदाच नाही. मिळालेले मोजके दिवस आईवडिलांच्या भेटीत आणि आजारपणात संपतात. वैभवाच्या त्या देशात वेळेचे दारिद्र्य आहे.

तथापि, कारणे समजली म्हणून परिणाम सौम्य होत नाहीत. ज्यांच्या मतांवर जगातील युद्धे आणि निर्बंध ठरतात, त्यांतील कित्येकांनी ते जग केवळ दूरचित्रवाणीवर पाहिलेले असते. 15 सप्टेंबर 2001 रोजी ॲरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोढी यांची हत्या झाली, ती पगडी पाहून. मारेकरी अरबांवर सूड उगवायला निघाला होता. (ते अरब असते तरी तो गुन्हाच ठरला असता.) शीख कोण, हिंदू कोण, हे ठाऊक नसण्याची किंमत आपल्या बांधवाने प्राणांनी मोजली.

आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे? समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त सांगणारा समाज आपलाच. स्वातंत्र्यवीर सावरकरांना सिंधुबंदीची गणना हिंदू समाजाच्या सात बेड्यांत करावी लागली. आजही दहांतील एका भारतीयाकडेसुद्धा पासपोर्ट नाही, त्याचे कारण बहुतांशी आर्थिक आहे, एवढेच.

जो अमेरिकन भारतात येऊ शकत नाही, त्याच्या शेजारी आता भारत राहायला गेला आहे. तेथील महाराष्ट्र मंडळे थाटाने गणेशोत्सव करतात, नाटके बसवतात, मोदकांच्या पंगती उठतात. त्या पंगतीला पलीकडच्या घरातले किती जण बोलावलेले असतात, हे सुट्टीवर आलेल्या आपल्या मुलांना एकदा विचारून पाहावे.