साप, उंदीर आणि टाळ्या वाजवणारे आपण

नागपंचमीला नाग दूध पितो, असं मानणारे आपल्या कॉलेजात किती जण असतील? फारसे नसावेत. आपण पडलो इंजिनिअर होणारी माणसं! दूध हे सापाचं अन्न नाही आणि गारुड्याने दिवसेंदिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते ओलं तोंडात घेतो, एवढं आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. ते दूध सापासाठी नसतंच मुळी, ते असतं बघणाऱ्यांसाठी. म्हणून आपण जुन्या लोकांना हसतो आणि पुढे जातो.

पण मित्रांनो, गेल्या सेमिस्टरला हॉस्टेलभर फिरलेला तो व्हिडिओ आठवतोय? कुणाच्या तरी मित्राच्या मित्राने पाळलेला बॉल पायथन, काचेची पेटी आणि तिच्यात सोडलेला एक पांढरा उंदीर. मागून शिट्ट्या, "गेला, गेला!" असा आरडाओरडा, किती सेकंदात पकडेल यावर पैजा. मेसमध्ये त्यावरून चांगलाच वाद रंगला. पाळलेल्या सापाला उंदीर जिवंत द्यावा की मारून फ्रीजरमध्ये ठेवलेला? बहुमत होतं "जिवंतच, नॅचरल आहे ते!" या बाजूला. मी अल्पमतात होते आणि अजूनही आहे. पाळलेल्या सापाला मेलेलाच उंदीर द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी एक गोष्ट क्लिअर करू या. हा वाद नाग, धामण, घोणस किंवा आपल्या अजगराबद्दल नाहीच. या सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग त्यांना काहीही खायला घाला. प्रश्न येतो तो परदेशी सापांचा. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला, कॉर्न स्नेक अमेरिकेतला. बॉल पायथनसारख्या ज्या प्रजाती 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यांच्यासाठी २०२२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी पाळणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. म्हणजे 'मित्राने दिला, ठेवला रूमवर' असं चालत नाही.

माझं घर वाकोल्याला, म्हणजे विमानतळाच्या अगदी कुशीत. विमान डोक्यावरून गेलं की आमच्याकडे बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यावर थांबवतो आणि आवाज गेला की पुढे सुरू करतो. त्याच विमानतळावर डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. बिस्किटाच्या पुड्यात कोंबून समुद्रापलीकडून आणलेला जीव! व्हिडिओतल्या 'नॅचरल'ची सुरुवात बऱ्याचदा इथे होते.

आता त्या 'नॅचरल'कडे वळू. जंगलात साप उंदीर जिवंतच पकडतो, हे शंभर टक्के खरं. पण जंगलात उंदराला बीळ असतं, गवत असतं, पळायला चार दिशा असतात. कितीतरी वेळा सापाचा नेम चुकतो आणि उंदीर निसटतो. सापालाही भूक नसेल तर निघून जायची मुभा असते. दोन फुटी काचेच्या पेटीत यातलं काय उरतं? उंदराला पळायला जागा नाही आणि सापाला टाळायला जागा नाही. हा निसर्ग नव्हे, हा आपण बांधलेला आखाडा आहे.

दुसरं, यात सापाचंही नुकसान होतं, हे आपल्या व्हिडिओबहाद्दरांना ठाऊकच नसतं. उंदराचे पुढचे दात म्हणजे पटाशीच! साप भुकेला नसेल, कात टाकायच्या बेतात असेल किंवा त्याला पुरेशी ऊब मिळालेली नसेल, तर तो शिकार करत नाही, नुसता पडून राहतो. अशा वेळी पेटीत रात्रभर सोडलेला घाबरलेला, उपाशी उंदीर सापालाच कुरतडतो. सापाला पापण्या नसतात, डोळाही मिटता येत नाही. पाठीवरची कातडी खाल्लेले, डोळा गमावलेले साप जनावरांच्या डॉक्टरांकडे येतात, ते अशाच हौशी मालकांकडून. त्यातून बॉल पायथन हा खाण्याच्या बाबतीत महालहरी. कधी कधी महिनोन् महिने अन्नाला तोंड लावत नाही. म्हणजे ही वेळ येण्याची शक्यता त्याच्या बाबतीत जास्तच.

"पण साप मेलेलं खातच नाही!" हा मेसमधला सर्वांत मोठा मुद्दा होता. साफ चूक. निसर्गातसुद्धा साप आयते मिळालेले मेलेले प्राणी खाताना दिसले आहेत. जगभर पाळलेले असंख्य साप फ्रीजरमधल्या उंदरांवर वाढतात. इथे जरा आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. अजगराच्या जातीतल्या बऱ्याच सापांच्या ओठांवर छोटे खळगे असतात. त्यांतून त्याला समोरच्या वस्तूची उष्णता कळते, म्हणजे देवाने बसवलेला इन्फ्रारेड सेन्सरच. शिवाय जीभ आत-बाहेर करून तो वास टिपतो. तेव्हा थंडगार उंदीर टाकला तर त्याला ते अन्न वाटणारच नाही. उंदीर आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायचा, पूर्ण सुटला की पिशवीत घालून कोमट पाण्यात धरायचा आणि साधारण ३७-३८ अंशांवर, म्हणजे जिवंत उंदराच्या अंगाइतका गरम झाला की लांब चिमट्याने सापासमोर हलवायचा. हलणारी, उबदार, उंदराच्या वासाची वस्तू! सापाला आणखी काय हवं? मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नये. तो एकसारखा तापत नाही, कुठे कच्चा राहतो, कुठे फुटतो. आणि एकदा सुटलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. गोठवल्याने काही परजीवी मरतात, हा वरचा फायदा. मात्र साल्मोनेलासारखे जंतू गोठवून जातातच असं नाही, म्हणून हात धुणं आणि आपल्या जेवणाचा फ्रीज वेगळा ठेवणं आलंच. (हॉस्टेलच्या कॉमन फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी उंदराचं पाकीट! रेक्टर सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पाहा.)

तिसरा मुद्दा माझ्या रूममेटने काढला, आणि तो मला खरंच विचार करायला लावणारा वाटला. ती म्हणाली, "उंदीर शेवटी मरतोच ना? तू मारलास काय, सापाने मारला काय! उलट साप पटकन मारतो." यात तथ्य आहे. विळखा घालणारा साप भक्ष्याला गुदमरवतो असं आपण समजत होतो. पण २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बोआ सापावर केलेल्या प्रयोगात दिसलं, की विळख्याच्या दाबाने काही सेकंदांतच उंदराचं रक्ताभिसरण कोलमडतं. म्हणजे नीट बसलेला विळखा खरोखर झटपट असतो. पण 'नीट बसलेला' हे महत्त्वाचं. पेटीत नेम चुकतो, चुकीच्या जागी पकड बसते, आणि त्याआधीची ती कोपऱ्यातली थरथर, ती मिनिटं कोण मोजतं? माणसाच्या हातात आहे तेव्हा ते मरण कमीत कमी त्रासाचं करणं हे माणसाचंच काम. तेही नीट शिकून करायचं. जिवंत उंदीर थेट फ्रीजरमध्ये टाकणं हा तर क्रूरपणाच, त्याला 'फ्रोजन' म्हणून स्वतःची फसवणूक करू नये.

"अरे, उंदीरच तर आहे!" असंही कुणीतरी म्हणालं. मुंबईकराला उंदराचं प्रेम नाही, हे मला समजतं. १८९६ चा प्लेग याच शहराने पाहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, वाकोला-कालिना पाण्याखाली गेलं आणि पाठोपाठ लेप्टोने माणसं दगावली. उंदराच्या मूत्रातून पसरणारा हा रोग आमच्या भागातल्या घराघरांत नावाने माहीत आहे. महापालिकेचे मूषक संहारक रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांत उंदीर मारत फिरतात, ते शहराच्या आरोग्यासाठी. पण ते काम करताना कुणी टाळ्या वाजवत नाही. आमच्या बाजारात चिकनवाला कोंबडी कापतो, लोक पिशवी पुढे करतात आणि नजर दुसरीकडे वळवतात. मरण गरजेचं असणं वेगळं आणि मरणाचा खेळ करणं वेगळं. (आणि हो, नाल्यातला उंदीर धरून सापाला घालायची आयडिया कुणाच्या डोक्यात असेल तर ती विसरा. त्याच्या पोटात विष असू शकतं, अंगात रोग.)

गंमत म्हणजे हा फरक आपल्या कायद्यालाही कळलेला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पाहा. त्याच्या ११ व्या कलमात, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्या प्राण्याचं भक्ष्य बनवणं हा गुन्हा म्हटलेला आहे. म्हणजे सापाचं पोट भरणं हा गुन्हा नाही, त्याचा शो करणं हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! कॅन्टीनमध्ये दोघांचा चहा-वडापाव यापेक्षा महाग पडतो. तेव्हा कायद्याच्या धाकाने हे थांबेल, या भ्रमात मी नाही. थांबलं तर ते आपल्यालाच वाईट वाटल्यामुळे थांबेल.

माझ्या मताला अपवाद नाहीत का? आहेत. काही साप, विशेषतः निसर्गातून आलेले किंवा अगदी लहान पिल्लं, काही केल्या मेलेलं घेत नाहीत. वाचवलेला साप पुन्हा जंगलात सोडायचा असेल तर त्याची शिकारीची सवय टिकणंही महत्त्वाचं. तिथे जाणकार माणूस ठरवेल. उपासाने साप मरू द्यायचा आणि वर तत्त्व सांगायचं, असं मी म्हणणार नाही. पण तिथेही आधी ताजा मारलेला उंदीर देऊन पाहायचा, आणि जिवंत द्यायचाच झाला तर नजर ठेवून. साप घेत नाही असं दिसलं की उंदीर लगेच बाहेर. आणि कॅमेरा बंद!

शंकराच्या घरात गळ्यात नाग, गणपतीपाशी उंदीर आणि कार्तिकेयाचा मोर, सगळे एका छपराखाली नांदतात म्हणे. आपलं घर काही कैलास नाही. आपल्याकडे साप आला की उंदीर मरणार, हे धरूनच चालायला हवं. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगू शकतो. म्हणजे डिग्री, नोकरी, लग्न, सगळं होऊनसुद्धा दर दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर, हा हिशेब आहे. आपल्याकडे गोठवलेले उंदीर काही कोपऱ्यावरच्या दुकानात दुधाच्या पिशवीसारखे मिळत नाहीत. ते कुठून आणणार, कुठे ठेवणार, कोण मारणार आणि कसं, याची उत्तरं ज्याच्याकडे नाहीत त्याने साप आणूच नये. रूमवर जागा आहे आणि पॉकेटमनी साठलाय, एवढी तयारी पुरेशी नाही.

आणि जे पाळत नाहीत, म्हणजे आपण बाकीचे सगळे, त्यांच्याही हातात एक गोष्ट आहे. तो व्हिडिओ बनतो तो बघणारे आहेत म्हणून. पुढच्या वेळी कुणी मोबाईल पुढे करून "हे बघ, भारी आहे!" म्हणालं, तर "नको रे" म्हणा आणि फॉरवर्ड करू नका. बाकी वाद घालायला मी मेसमध्ये रोज आठ वाजता हजर असते!