टीव्हीवरचा धाक आणि घरातला धाक

नवरा-बायकोच्या भांडणावर हसण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनीच आहे. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकातील फाल्गुनराव आणि कृत्तिका १९१६ सालापासून रंगभूमीवर एकमेकांचा संशय घेत आहेत. शंभरावर वर्षे उलटली तरी प्रेक्षक त्यांना हसतोच आहे. दिवाळी अंकातील व्यंगचित्रे पाहा. हातात लाटणे घेतलेली बायको आणि पलंगाखाली दडलेला नवरा त्यांत हमखास भेटतात. संसार म्हटला की भांड्याला भांडे लागणारच, असे आपण म्हणतो. आणि तो आवाज दुसऱ्याच्या घरातून आला की आपल्याला हसू फुटते. त्यात गैर काहीच नाही. दुसऱ्याच्या घरात आपलेच घर दिसल्याचे ते हसू असते.

परंतु मित्रमैत्रिणींनो, भांडण निराळे आणि धाक निराळा. भांडणाला दोन तोंडे लागतात. धाकाला एक हात पुरतो. गाजलेल्या विनोदी मालिकांनी या दोहोंतला फरक कुठे पाळला, कुठे पुसला, आणि त्यांच्यावर हसून झाल्यावर आपण काय करतो, याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. विनोदाचे शास्त्र मला ठाऊक नाही. टीव्ही मात्र लहानपणापासून पाहिला आहे, आणि टीव्हीसमोर बसलेली माणसेही पाहिली आहेत.

प्रारंभ आपल्या चिमणरावांपासूनच करावा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका त्यावर आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि ही जोडी मराठी घराघरांत पोहोचली. (चिं. वि. बडोद्यास पाली भाषा शिकवीत. आपल्या पालीचा त्यांच्याशी संबंध एवढा नामसाम्यापुरताच. पण तेवढाही मला पुरतो!) आमच्या पिढीने ही मालिका वेळेवर पाहिली नाही, पण कथा ग्रंथालयात आहेत. चिमणराव हे भित्रे कारकून. घरात बायको काऊ आहे, मुले आहेत, पाहुणे आहेत, फजिती तर रोजचीच आहे. कुरबुर होते, रुसवेफुगवे होतात. मात्र चिमणरावांच्या विनोदाला धाकाची फोडणी लागत नाही. त्या गोतावळ्यात सोटा आहे, पण तो गुंड्याभाऊच्या हातात. आणि त्याचे काम बाहेरच्या जगाशी, काऊशी नव्हे. लेखक हसतो तो नवऱ्याच्या मोठेपणाच्या आवेशाला. घरातला कर्ता पुरुष किती लहान असू शकतो, हाच तिथला विनोद.

नवऱ्याच्या तोंडी धमकी घालूनही विनोद करता येतो काय, हे पाहायचे तर जरा दूर, अमेरिकेत जावे लागेल. १९५५-५६ साली तिथे ‘द हनिमूनर्स’ नावाची मालिका झाली. तिचे अवघे ३९ भाग, परंतु टीव्हीवरील विनोदाचा विषय निघाला की तिचे नाव आजही घेतात. नायक राल्फ हा बसचालक, आपल्या एस.टी.च्या चालकासारखाच कष्टकरी, ब्रुकलिनमधल्या दोन खोल्यांत राहणारा. रागावला की तो मूठ आवळतो आणि बायकोला, ॲलिसला, एका ठोशात चंद्रावर पाठविण्याची धमकी देतो. प्रेक्षक खदखदून हसतात. का हसतात? कारण समोर ॲलिस हाताची घडी घालून उभी आहे. तिच्या डोळ्यांत भीतीचा लवलेश नाही. ती एक तिखट वाक्य फेकते आणि राल्फच्या फुग्यातली हवा जाते. मूठ कधीच सुटत नाही. अखेरीस राल्फच चूक कबूल करून तिला जवळ घेतो. म्हणजे तिथल्या हशाला एक तारण आहे. हा हात उठणार नाही, अशी हमी लेखकाने प्रेक्षकाला आधीच दिलेली आहे.

त्याच काळात तिथे ‘आय लव्ह लूसी’ ही दुसरी मालिकाही गाजत होती (१९५१ ते १९५७). तिच्या काही भागांत नवरा लूसीला लहान मुलासारखी मांडीवर पालथी घालून फटके देतो. इथे हात उठलाच! तरीही समोर बसलेला प्रेक्षकवर्ग तसाच हसतो. दोन्ही ठिकाणचा हशा कानाला सारखाच लागतो, पण एकात धाक देणारा लहान होतो, दुसऱ्यात धाक सोसणारी लहान होते. विनोदाची परीक्षा मला वाटते इथे होते.

आता परत आपल्याकडे येऊ. १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ आली. हिंदीतील व्यंगकार शरद जोशी यांनी ती लिहिली. रणजित झाले होते शफी इनामदार, मूळचे आपल्याच कोकणातले. रेणू झाल्या स्वरूप संपत. रणजित आणि रेणू मनसोक्त भांडतात, परंतु त्या घराची एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. रेणूचा भाऊ राजा त्यांच्याकडेच राहतो. म्हणजे रेणूचे माहेर तिच्या घरातच मुक्कामाला आहे! भांडण बरोबरीचे होते ते यामुळे तर नसेल?

कारण विनोदी मालिकेत नवऱ्याची धमकी ‘एक ठेवून देईन’ ही असेल, तर बायकोची धमकी असते ‘मी माहेरी जाते’. ती ट्रंक काढते, साड्या भरते, नवरा गयावया करतो, आणि आपण हसतो. आता हीच धमकी टीव्हीतून काढून आपल्या एखाद्या वाडीत आणा. इथे ‘दिली तिथे मेली’ ही म्हण अजून विसरलेली नाही. माहेरी गेलेल्या लेकीला पहिल्या दिवशी चहा मिळतो, तिसऱ्या दिवशी ‘परत कधी जाणार?’ हा प्रश्न मिळतो. नवऱ्याची धमकी खरी करायला फक्त हात लागतो. बायकोची धमकी खरी करायला भाऊ, भावजय, वडील, शेजारीपाजारी इतक्या जणांची संमती लागते. पडद्यावर या दोन धमक्या तराजूत समसमान दिसतात. घरात एक पारडे केव्हाच जमिनीला टेकलेले असते.

याहून विलक्षण गोष्ट १९९५ च्या ‘हम पाँच’ मालिकेत आहे. अशोक सराफ त्यात पाच मुलींचे बाप. त्यांची पहिली पत्नी वारली आहे, पण भिंतीवरच्या तसबिरीतून ती नवऱ्याला टोमणे मारते, खडसावते. ही भूमिका प्रिया तेंडुलकरांची. दहा वर्षांपूर्वी, १९८५ साली, ‘रजनी’ होऊन अन्यायाविरुद्ध भांडायला घराबाहेर पडलेल्या त्याच त्या. तसबिरीतली बायको पाहून मीही पोटभर हसले आहे. मग मनात आले, नवऱ्याला इतके निर्भयपणे बोलणारी ही बायको तसबिरीतच का सापडावी? मेलेल्या बाईवर कोणाचा हात चालत नाही, म्हणून तर नव्हे?

कोणी म्हणेल, ‘विनोद विनोदाच्या जागी ठेवा, मालिका पाहून कोणी बायकोला मारायला शिकत नाही.’ मलाही हे मान्य आहे. मालिका मारायला शिकवीत नाहीत. पण मारलेले ऐकू आल्यावर काय करावे, हे आपण त्यांच्याकडून नकळत शिकलो आहोत, असे माझे प्रामाणिक मत आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांवर घरे खेटून असतात. भिंतीपलीकडचा शब्द कानावर पडतो. रात्री आवाज चढला की लोक म्हणतात, ‘त्यांचं रोजचंच आहे’, आणि आपापल्या टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणजे शेजारचे घरही आपण मालिकेसारखेच ऐकतो. मालिकेत शेवट गोड करण्याची जबाबदारी लेखकाची असते. भिंतीपलीकडे लेखक नाही.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे मानणाऱ्या स्त्रिया सुमारे ४५ टक्के निघाल्या. पुरुषांचे प्रमाणही जवळपास तेवढेच. हे वाचून मला पुरुषांपेक्षा बायांचेच अधिक वाईट वाटले.

कायदा मात्र विनोदाच्या पुढे गेला आहे. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्यात हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. अपमान, उपहास, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे, धाकदपटशा हे सारे त्यात येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घर नवऱ्याच्या नावावर असले तरी त्या घरात राहण्याचा बायकोला हक्क आहे. ‘चालती हो माझ्या घरातून’ हे वाक्य मालिकांनी कितीदा ऐकवले असेल! कायद्याने त्या वाक्यातली हवा काढली आहे, ॲलिसने राल्फची काढली तशी. पण हे किती आयांना ठाऊक आहे? १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे, हे तरी आपण सांगितले आहे काय?

आता थोडे आपल्या अंगणात. संमेलनातील प्रहसने आठवा. मुलगा साडी नेसून येतो, बायको होतो. नवरा झालेला दुसरा मुलगा त्याला थप्पड मारतो, क्वचित लाथही. शिट्ट्यांनी मंडप दणाणतो. अशाच एका प्रहसनाचे मोबाईलवरील चित्रण मी आईला दाखवले. आई शाळेत चौथीपर्यंतच गेली. पण चिमणरावांची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा तिच्या डोळ्यांतून हसून पाणी आले होते. प्रहसनातल्या थपडीला मात्र ती हसली नाही. ‘लागलं असंल ना गं त्या पोराला?’ एवढेच तिने विचारले.

मला वाटते, या प्रश्नात सारे आले. ज्यांना ठाऊक असते की लागते, ते तिथे हसत नाहीत. ज्या विनोदावर घरातले निम्मे लोक हसतात आणि उरलेले निम्मे गप्प बसतात, तो विनोद कुठेतरी फसलेला असतो.

जुन्या मालिका बंद कराव्यात, असे मी म्हणत नाही. त्या पाहाव्यात, त्यांवर हसावेही. फक्त हसताना एकदा बाजूला वळून पाहावे: आपल्याबरोबर कोण हसत आहे आणि कोण नाही? आणि पुढच्या संमेलनासाठी प्रहसन लिहिणाऱ्या मित्रांनो, नवरा-बायकोला खुशाल भांडू द्या. पण थपडीवाचून हशा पिकवून दाखवा. चिं. विं.ना ते साधले होते. आपल्याला का साधू नये?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला