३२ बिटांचा जयघोष, १६ बिटांची वर्गखोली

मार्च २०२५ मध्ये ‘विक्रम ३२०१’ हा स्वदेशी मायक्रोप्रोसेसर इस्रोच्या हाती आला आणि ‘३२ बिट’ हा शब्द देशभर अभिमानाने झळकला. अभिमान रास्तच; २००९ पासून प्रक्षेपकांत असलेल्या १६ बिटांच्या ‘विक्रम १६०१’चा हा वारस. मात्र ज्या विद्यार्थ्यांनी उद्या अशा प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम लिहायचे, त्यांना कित्येक महाविद्यालये अजून टर्बो सी उघडून ‘इंट म्हणजे दोन बाइट’ हेच घोकायला लावतात. सी भाषेच्या प्रमाणकाने असे वचन कधीच दिलेले नाही. ‘किमान १६ बिट’ एवढेच त्यात आहे.

या घोकंपट्टीची किंमत बिटांशी खेळताना मोजावी लागते. साधा १ हा आकडा आजच्या बहुतेक यंत्रांवर ३२ बिटांचा असतो. तो ४० घरे डावीकडे सरकवला, तर उत्तर ६४ बिटांच्या चलात ठेवूनही उपयोग नाही. सरकवणे आधीच बिघडलेले असते. घरांची संख्या चलात असेल तर इंटेल कुळातल्या प्रोसेसरवर बहुधा २५६ मिळतात, ३२ बिटांच्या आर्मवर शून्य.

त्याहून कपटी प्रकार मास्कचा. ६४ बिटांच्या पत्त्याचे खालचे १२ बिट पुसण्यासाठी ४०९५ उलटवून ‘अँड’ करतात. आकडा चिन्हयुक्त असेल तर चिन्हाचा बिट वरपर्यंत पसरतो आणि काम निभावते. कुणी शिस्तीखातर त्याला चिन्हरहित केले, की वरचे ३२ बिट शून्यांनी भरतात आणि पत्त्याचा अर्धा भाग नाहीसा होतो. (शिस्तीनेच घात व्हावा, हे सीचे खास वैशिष्ट्य.) उलटवण्यापूर्वीच मास्क ६४ बिटांचा करणे, हा उपाय एका ओळीचा आहे.

‘कंपायलर सांगेलच’ हा बचाव पोकळ आहे. ‘सर्व इशारे’ असे नाव मिरवणारा जीसीसीचा पर्यायही रूपांतराचे इशारे चालू करत नाही.

‘कडक भाषा वापरा’ हा दुसरा बचाव. ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालेल्या एरियन ५ चा तो प्रोग्रॅम अॅडा या कडक भाषेतच होता. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. संगणकावरचा भार वाचवण्यासाठी त्या रूपांतराला संरक्षण दिलेच नव्हते. एरियन ४ वर ती संख्या कधी एवढी वाढत नसे.

‘इंट किती बाइटचा?’ हा एका गुणाचा प्रश्न पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेतून विद्यापीठांनी काढून टाकावा. त्याजागी ‘कोणत्या यंत्रावर, कोणत्या कंपायलरने?’ एवढे तरी विचारावे.