वीरचं पाणी कुणाच्या मोबाइलवर येतं?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊला एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. "सर, व्हॉट्सॲपवर वीर धरणाचा मेसेज फिरतोय. एवढं क्युसेक पाणी सोडलंय म्हणं. खरा हाय का बघा की." त्यांची उसाला पाणी देणारी मोटार नीरेच्या पात्रात होती. रात्री मोटार काढायची म्हणजे चार माणसं, दोर, ट्रॅक्टर, चिखल आणि अंधार. मेसेज खोटा निघाला तर रात्र वाया जाणार आणि उसाचं पाणीही तुटणार. खरा असेल आणि मोटार आत राहिली, तर ती गेलीच म्हणून समजायचं.

मी मेसेज पाहिला. तो कागदाचा काढलेला फोटो होता, कडा कापलेला. तारखेचा भाग नेमका त्या कापलेल्या कडेत गेलेला. अर्धा तास मोबाइलवर शोधत बसलो आणि तोच फोटो एका जुन्या ग्रुपवर, आधीच्या वर्षीच्या तारखेला सापडला. मी विश्वासानं त्यांना सांगितलं, "जुना आहे, निवांत झोपा." मेसेज खरोखरच जुना होता. पण त्या रात्री धरणातून पाणीही सुटलं होतं. आकडा वेगळा होता आणि तो आमच्यापर्यंत आलाच नव्हता. सकाळी मोटार पाण्याखाली होती. ते गृहस्थ मला काही बोलले नाहीत, उलट "तुमचा काय दोष" म्हणाले. मला मात्र ते अजून टोचतं. शिकलेला माणूस म्हणून त्यांनी मला विचारलं होतं, आणि माझ्या शिक्षणाचा उपयोग एक खोटा मेसेज ओळखण्यापुरताच झाला. खरी माहिती कुठं मिळेल हे मलाही ठाऊक नव्हतं.

आपत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणी, पडलेली घरं आणि रांगेतली माणसं येतात. आकडे येत नाहीत. पण आपत्तीच्या आधीचे सहा तास हे आकड्यांचेच असतात.

कळंबपासून खाली नरसिंहपूरच्या संगमापर्यंत नीराकाठी राहणाऱ्यांचं नशीब वरच्या चार धरणांत असतं: भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि वीर. चारही मिळून साधारण 48 टीएमसी. पाणी शेवटी वीरमधून सुटतं, बारामती-फलटणच्या मधून वाहत इंदापूर-माळशिरसच्या हद्दीवर येतं. सुटलेलं पाणी आमच्यापर्यंत यायला काही तास लागतात. अल्लाहनं नदीकाठच्या माणसाला दिलेली ही मोठी सवलत आहे, डोंगराखाली राहणाऱ्याला ती मिळत नाही. हे तास वापरता आले तर मोटारी निघतात, गुरं वर नेता येतात, बंधाऱ्याचे ढापे वेळेत काढले जातात.

पाटबंधारे खात्याकडे हा आकडा असतो. ते मोजतात आणि कळवतातही. तो तहसीलला जातो, तिथून तलाठ्याकडे, पोलीस पाटलाकडे, मग दवंडी नाहीतर व्हॉट्सॲप. माणसं कामचुकार आहेत असं मी म्हणत नाही. पुराच्या रात्री ती झोपत नाहीत, हे मी पाहिलं आहे. अडचण पुढं आहे. प्रत्येक पायरीवर आकडा एक फोटो होतो. फोटोला तारीख राहत नाही, वेळ राहत नाही, आणि रात्री दोनला विसर्ग वाढला तर आधीचा फोटो आपोआप बदलत नाही.

खुली माहिती, ज्याला इंग्रजी शिकलेले ओपन डेटा म्हणतात, ती एवढीच साधी मागणी आहे. आकडा अर्ज न करता कुणालाही दिसावा. त्यावर तारीख आणि वेळ असावी. तो चित्रात न अडकवता तक्त्यात असावा, म्हणजे गावातला एखादा कॉम्प्युटर शिकलेला पोरगा त्यावरून गावापुरती सूचना बनवू शकेल. आणि मागच्या दहा वर्षांचे आकडेही तिथंच राहावेत. कारण "तीस हजार क्युसेक" यातून माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना काहीच कळत नाही. मागच्या वेळी एवढं पाणी सुटलं तेव्हा कोणता बंधारा बुडाला, कुणाच्या विहिरीपर्यंत पाणी आलं, हे कळलं की सगळं कळलं. आकड्याचा गावाशी निकाह लावून द्यावा लागतो. ते काम जुन्या आकड्यांशिवाय होत नाही.

फक्त वीरकडं पाहूनही भागत नाही. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठवा. पुण्यात आंबिल ओढ्यानं घरं फोडली. खेड-शिवापूरला दर्ग्यात झोपलेले पाच जण वाहून गेले. त्याच पावसानं नाझरे धरण भरून कऱ्हेला पूर आला आणि बारामतीत लोकांना घरं सोडायला लागली. कऱ्हा पुढं सोनगावला नीरेला मिळते. ज्या नदीकडं आपण वर्षभर कोरडा ओढा म्हणून पाहतो, तिनं एका रात्रीत हे केलं. 14 ऑक्टोबर 2020 ला इंदापूर तालुक्यात ओढ्यांनी रस्ते गिळले. 2025 च्या मे अखेरीस तर पावसाळा सुरू व्हायच्या आधीच बारामतीजवळ पिंपळी-लिमटेकच्या परिसरात नीरा डावा कालवा फुटला आणि बारामती-इंदापुरात एनडीआरएफची पथकं आली. आमचा भाग दुष्काळी म्हणून ओळखला जायचा. आता एकाच वर्षात टँकरही येतो आणि होडीही.

त्या दर्ग्यातल्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. दर्ग्यात झोपणारा माणूस हवामान खात्याचं संकेतस्थळ पाहणार नाही. तिथला मुजावर कदाचित पाहील. मुजावराला कळणारी सूचना कुठल्या भाषेत असते? केंद्रीय जल आयोगानं ऑगस्ट 2023 मध्ये 'फ्लडवॉच इंडिया' हे ॲप काढलं. पुराचा अंदाज मोबाइलवर, वाचूनही आणि ऐकूनही. कल्पना उत्तम. सुरू झालं ते इंग्रजी आणि हिंदीत. मी मराठी आणि उर्दू शिकवतो, त्यामुळे माझा हा रडगाण्याचा विषय आहे असं वाटेल. पण 'डेंजर लेव्हल' आणि 'धोक्याची पातळी' यांत जीव वाचण्याइतका फरक पडू शकतो.

12 जानेवारी 2010 ला हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा नीट नकाशाच मदत पथकांकडे नव्हता. जगभरच्या हजारो मैलांवरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची चित्रं पाहून 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशावर काही दिवसांत गल्ल्या काढल्या. ही कहाणी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. तिचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. ढिगाऱ्यातली आणि तंबूतली माणसं 4636 या नंबरवर एसएमएस पाठवत होती, त्यांच्या क्रिओल भाषेत. मदतीला आलेल्या परदेशी लोकांना ती भाषा येत नव्हती. मग परदेशात राहणारे हैतीचेच लोक इंटरनेटवर बसून ते संदेश भाषांतरित करत होते, त्यातली ठिकाणं ओळखत होते. यंत्र होतं, उपग्रह होता, तरी "अमक्या चर्चच्या मागची गल्ली" कळायला घरचाच माणूस लागला.

आता पैशाकडं येतो, कारण शेतकऱ्याला आकड्यांची खरी ओळख तिथं होते. 24 तासांत 65 मिलिमीटर. आमच्याकडे न शिकलेल्या आजोबांनाही हा आकडा पाठ आहे. महसूल मंडळात एवढा पाऊस मोजला गेला तर अतिवृष्टी, मग पंचनामा, मग मदतीची आशा. 2017 पासून 'महावेध' प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आणि मंडळाचा रोजचा पाऊस कृषी विभागाच्या संकेतस्थळावर दिसतो. ही चांगली गोष्ट आहे आणि तिचं कौतुक करायला हवं. पण एका मंडळात किती गावं असतात! ढग मंडळाची हद्द पाहून बरसत नाही. केंद्राच्या डोक्यावर शिंतोडे आणि आठ किलोमीटरवर ओढा फुटलेला, असं झालं की कागदावर पाऊस पडलेलाच नसतो. ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याची केंद्राची 'विंड्स' योजना 2023 मध्ये जाहीर झाली. ती पूर्ण होईपर्यंत शाळांनी पाऊस मोजायला काय हरकत आहे? पर्जन्यमापक महाग नसतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याची आकृती असते, आम्ही ती फळ्यावर काढतो, मुलं वहीत काढतात, पाऊस खिडकीबाहेर पडून जातो. शाळेचा आकडा सरकार मानणार नाही, मान्य. पण केंद्राचा आकडा खटकला तर बोलायला निदान तारखेनिशी वही असेल.

माहिती उघडी केली की लोक घाबरतात, असं काही अधिकारी म्हणतात. त्या रात्री माझ्या फोनवर आलेला फोटो हे त्यावरचं उत्तर आहे. आकडा लपला की त्याची जागा रिकामी राहत नाही, तिथं अफवा येऊन बसते.

मात्र एका ठिकाणी मी थांबतो, आणि इथं आपल्या लोकांची भीती मला समजते. खुली माहिती म्हटलं की मोहल्ल्यातला माणूस विचारतो, "हमारी लिस्ट बनाने वाले हैं क्या?" मागच्या काही वर्षांत कागद, यादी, नोंद या शब्दांनी मुसलमानाच्या पोटात गोळा येतो. ती भीती येडेपणाची नाही. बांगलादेशातल्या छावण्यांत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं रोहिंग्यांची नोंदणी केली, बोटांचे ठसे घेतले. तीच माहिती बांगलादेशनं म्यानमारला दिल्याचं ह्यूमन राइट्स वॉचनं 2021 मध्ये समोर आणलं. ज्या सरकारच्या भीतीनं माणसं पळाली, त्याच सरकारला त्यांची यादी. आपण संमती घेतली होती, असं संस्थेचं म्हणणं. राशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची संमती कसली असते, हे मला कुणी समजावून सांगावं. आपल्याकडेही मदत वाटली की लाभार्थ्यांची नावं, मोबाइल नंबर, कधी विधवा आहे हेसुद्धा लिहून यादी ग्रुपवर टाकली जाते. आपल्या जमातींनीही हे केलं आहे. हिशेब दाखवायची नियत चांगली असते, पण ती बाई उद्या त्याच गल्लीतून चालणार असते. म्हणून माझं म्हणणं असं: पाणी, पाऊस, रस्ते, निवारे, किती पाकिटं आली आणि किती वाटली, हे सगळं उघडं हवं. माणसाचं नाव झाकलेलं हवं.

पण यादीत नसण्याचाही एक धोका असतो. इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री गाडली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारनंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी, 20 जुलैला, महाराष्ट्रात अनेकांचे फोन आपत्कालीन सूचनेच्या चाचणीनं वाजले. आपल्याच पुणे जिल्ह्यात 30 जुलै 2014 ला माळीण गेलं, 151 माणसं. ते जगाला पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळं. रोजचं गाव जागेवर दिसेना म्हणून. उपग्रह वर फिरत होते आणि खबर एसटीनं आणली. आमच्याकडे दर हंगामाला ऊसतोड मजूर येतात, त्यांच्या कोप्या मोकळ्या रानात, कधी ओढ्याकाठी असतात. त्या कुठल्या नकाशावर आहेत? ऑक्टोबरचा परतीचा पाऊस आणि कारखान्यांचा हंगाम जवळजवळ येतात. कोप्या कुठं पडल्या हे मुकादमाला ठाऊक असतं, तहसीलच्या पूर आराखड्याला नसतं. इथं नावं नकोत, फक्त "या ठिकाणी इतकी बिऱ्हाडं" एवढी खूण हवी.

यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण पोरांना सांगतो तेव्हा सौंदर्य आणि सब्र यावर भर देतो. माझं लक्ष आताशा दुसरीकडं जातं. बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ विचारायला माणूस तुरुंगात आला, तेव्हा त्यांच्या हातात केवढा मोठा सौदा होता. आधी सोडवा, मग सांगतो, असं ते म्हणू शकले असते. त्यांनी सात वर्षांच्या दुष्काळाचा अंदाज आणि धान्य कणसातच राखून ठेवायचा उपाय आधी सांगून टाकला, सुटकेची अट न घालता. जीव वाचवणारी माहिती अडवून धरायची नसते, हे आपल्या घरातलं शिक्षण आहे.

म्हणून मशिदीच्या विश्वस्तांपुढं मी एक साधी गोष्ट मांडली. नमाजच्या वेळा लिहितो त्या फळ्याच्या बाजूला जून ते ऑक्टोबर आणखी एक फळा. त्यावर वीरचा विसर्ग, कालचा पाऊस आणि आकडा कधीचा आहे ती वेळ, मराठीत. मशिदीजवळून जाणारे सगळेच वाचतील. देवळाजवळ लावायला तालमीतली पोरं तयार आहेत. एका बुजुर्गांनी विचारलं, "और रात को दो बजे पानी बढ़ा तो फळ्यावर कौन लिखेगा?" सवाल बिनतोड होता. रात्री लाऊडस्पीकरवरून सांगायचं तर कुणाच्या परवानगीनं, आणि चुकीचं सांगितलं तर जबाबदार कोण, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की पोलीस पाटलांशी आणि सरपंचांशी बोलून दोन माणसं नेमायची, एक आमच्यातला आणि एक तालमीतला. रात्रीचा आकडा दोघांनी मिळून तपासायचा, मगच स्पीकर. फळा मी शाळेतून जुना घेतला आहे, रंग द्यायचा बाकी आहे. ज्यांची मोटार गेली, त्या गृहस्थांनी बंधाऱ्याच्या खांबावर कोणत्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं, त्या खुणा करून द्यायचं कबूल केलं आहे.