अळीच्या डोक्यामागील पांढरा ठिपका

भाताचा दाणा भरूं लागला, कीं गड नदीच्या कांठीं आमच्या मसुरे गांवीं लष्करी अळीची धास्ती सुरू होते. दिवसां बुंध्याशीं दडणारी ही अळी रात्रीं लोंब्याच कातरते, आणि सकाळीं शेतकरी औषधाचा पंप पाठीस लावतो. त्याचें दुःख समजतें. परंतु पंप उचलण्यापूर्वीं त्यानें एकदां अळीकडे नीट पाहावें, एवढीच प्रस्तुत लेखकाची विनंती आहे.

कांहीं अळ्यांच्या डोक्यामागें तांदळाच्या कणीहून बारीक असें पांढरें अंडें चिकटलेलें दिसतें. घरमाशीसारख्या, परंतु अंगावर राठ केस असलेल्या टॅकिनिड माशीचें तें अंडें होय. त्यांतून निघालेला किडा अळीच्या अंगांत शिरून तिला आंतून खातो व तिचा प्राण घेऊनच बाहेर पडतो. अशी अळी मारणें म्हणजे आपलाच राखणदार मारणें होय.

‘ती अळी मरेपर्यंत पीक खातेच ना?’ असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. आजच्या लोंबीस माशीचा लाभ थोडा. परंतु त्या अळीचा पतंग होत नाहीं, आणि त्या पतंगानें घातलीं असतीं तीं शेंकडों अंडीं टळतात.

माडावर आपल्याप्रमाणेंच पोट असलेल्या फिजी बेटांत लेव्हुआना नांवाच्या पतंगाच्या अळीनें बागा उजाड केल्या होत्या. १९२५ सालीं मलायांतून याच कुळांतील माशी आणून तेथें सोडली, आणि थोड्याच काळांत ती कीड आटोक्यांत आली. परमुलखांतून माशी आणणें हें शास्त्रज्ञांचें काम. घरची माशी जगविणें हें मात्र आपलें.

मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. किडीनें बुडालेल्या पिकांचे पंचनामे पुष्कळ लिहिले. माशीनें वांचविलेल्या पिकासाठीं रकाना कोठेंच नव्हता. तो शेतकऱ्यानें आपल्या मनांत आंखावा. कुणग्यांतून पंचवीस अळ्या वेंचून पाहाव्या. ठिपक्याच्या निघतील त्या मातीपाला घालून, जाळीनें झांकलेल्या मडक्यांत ठेवाव्या व माशा निघतांच शेतांत सोडाव्या. माशी फुलांतील मधावर जगते. म्हणून बांधावरचीं फुलझाडें सरसकट कापूं नयेत. अळी फारच माजली, तर फवारणी अवश्य करावी. परंतु ती सायंकाळीं, आणि जरूर तेवढ्याच कुणग्यांत. शत्रूबरोबर मित्रही मारला, तर पुढच्या हंगामीं राखण कोण करील?